ईदची कातडी आणि तामूचं बोट

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मोरोक्कोतल्या सले शहरात उन्हाबरोबर वासही चढतो. मांस घराघरांत वाटलं जातं, मेंढ्यांची कातडी मात्र कचऱ्याच्या ढिगावर जाऊन पडतात. पूर्वी घरोघरच्या बायका ती धुऊन वापरायला घेत. आता कुणाला तेवढा वेळ नाही. तामूला होता. मान देऊन सगळे तिला लल्ला म्हणत. नवरा गेल्यापासून ती ईद झाली की हातगाडी घेऊन दारोदार जायची.

"टाकू नका गं, मला द्या."

गच्चीवर ती कातड्यांना जाडं मीठ चोळायची, खरवडायची, तुरटी लावायची, लोकर विंचरायची. अर्ध्या गल्लीत बसायला तिच्याच हातची कातडी होती.

एका वर्षी मीठ चोळताना तिच्या उजव्या हाताच्या बोटाला खरचटलं. काही दिवसांनी तिथे गाठ उठली. कडेने पांढरी, मधे लालसर काळी. ती पाहिली आणि तामूला वडील आठवले.

तिचे वडील नदीवर लोकर धुवायचे. तिच्या लहानपणी त्यांच्या मानेवर असाच काळा फोड आला होता. लोक त्याला निखारा म्हणत. वडील हसून सांगायचे, अजिबात दुखत नाही. आठवडा उलटायच्या आत ते गेले.

तामू दिवसातून कितीदा तरी बोट दाबून बघायची. दुखतंय का? मिठाने बोटं केव्हाच दगडासारखी झाली होती. एकदा वाटायचं दुखतंय, एकदा वाटायचं मनाचे खेळ आहेत. कंबर धरलीय असं सांगून तिने पीठ मळणं सोडलं, नातीला उचलणं सोडलं.

"आज पण कंबर धरलीय?" सून रहमाने विचारलं. "मग गच्चीवर बऱ्या चढता, लल्ला."

 तामूला स्वतःच्या जिवापेक्षा दुसरीच भीती खात होती. त्या वर्षीचं पहिलं तयार झालेलं कातडं तिने शेजारच्या झोहराला दिलं होतं, आणि झोहराचं तान्हं बाळ त्यावर झोपत होतं. ती उठून शेजारी गेली.

"ते कातडं जरा परत दे. लोकर नीट विंचरली नाही मी."

"चांगली मऊ आहे की. आत्ता कुठे झोपलंय ते."

"दे म्हणते ना, झोहरा."

झोहराने बाळाला उचललं आणि तोंड वाकडं करून कातडं दिलं. तामूने ते पोत्यात कोंबून पोत्याचं तोंड बांधलं. बाळाचं अंग गरम होतं का, हे विचारायचा धीर तिला झाला नाही.

दुपारी जेवताना रहमाचा घास हातातच राहिला. सासू डाव्या हाताने खात होती.

"उजवा हात दाखवा, लल्ला."

"काही नाही गं."

"दाखवा म्हणते."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गाठ जोरात दाबली. तामू कळवळली.

"दुखलं?"

"दुखलं."

"बरं झालं. निखारा असता तर दुखलं नसतं. हा मेंढ्यांच्या तोंडावर येतो तो रोग दिसतोय. ईदनंतर येतात अशा बायका. आपोआप बरा होतो. तरी तपासायला पाठवते."

निकाल येईपर्यंत तामूला घास गिळवेना. शेजारचं बाळ रडलं की ती दाराशी जाऊन उभी राहायची. रडणं थांबलं की आणखी घाबरायची. निकाल रहमानेच आणला. निखारा नव्हता. तामूने ताट पुढे ओढलं आणि डाव्याच हाताने पोटभर जेवली.

महिन्याभराने गाठ वाळून गळून पडली. तिने झोहराला सगळं खरं सांगितलं. झोहराने ऐकून घेतलं, चहा दिला, पण कातडं परत मागितलं नाही.

पुढच्या ईदला तामू रबरी हातमोजे घालून निघाली. पहिल्याच दारात कातड्यापर्यंत नेलेला हात तिने मागे घेतला. घरवाली वाट बघत उभी होती. "घेताय ना, लल्ला? नाहीतर टाकते मी." तामूने ते गाडीवर ओढून घेतलं.