अक्कांनी पहारा बंद केला

ऑफिसात त्यांना सगळे अक्का म्हणत, साहेबसुद्धा. रक्तपेढीच्या डेटाबेस सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोग्राम अक्कांनीच लिहिला होता. कोण जोडलं गेलंय, कुणाचं काम रेंगाळलंय, याची बित्तंबातमी तो ठेवायचा.

एका आठवड्यात सर्व्हर रोज दुपारी मान टाकू लागला. मेमरी संपायची, दवाखान्यांचे फोन खणखणायचे आणि पेढीतल्या बाया फ्रीज उघडून एकेक पिशवी बघून उत्तरं द्यायच्या. साहेबांनी डेटाबेस सांभाळणाऱ्या दादांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. दादांनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं होतं. हाती काही लागत नव्हतं.

त्या रात्री अक्का घरी जेवायला बसल्या.

"भाजीत मीठ नाही, तरी तू काही बोलली नाहीस. झालंय काय?" नवऱ्याने विचारलं.

"माझाच प्रोग्राम मेमरी खातोय, असं वाटतंय. पण खात्री नाही. नुसत्या संशयावर कशी बोलू?"

"आणि तोवर दादांनी बोलणी खायची?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना गाठलं. "माझा पहारा बंद करून बघू या."

"सर्व्हर आजारी, आणि नाडी बघणाराच काढून टाकायचा?"

"नाडी मी बघते."

दुपारभर त्या दादांशेजारी बसून हाताने आकडे काढत राहिल्या. सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. दादांनी त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला.

मग अक्का मुळाशी गेल्या. प्रत्येक जोडणीसाठी प्रोग्राम मेमरीचा एक तुकडा मागून घ्यायचा. कोडमधल्या कुठल्या जागेने तो मागितला, याची खूण त्यांनी प्रत्येक तुकड्यावर लावली आणि चाचणीच्या मशीनवर प्रोग्राम चालवला. जोडणी रीतसर बंद झाली की तुकडा परत जायचा. मधेच तुटली की तसाच अडकून पडायचा. पेढीची नवी शाखा नुकतीच सुरू झाली होती आणि तिथलं नेटवर्क सारखं तुटत होतं.

दुरुस्ती दोन-चार ओळींची निघाली. साहेब खूश झाले. "मिटलं तर. आता गाजावाजा नको."

"दादांना सगळ्यांदेखत बोललात ना? मग हेही सगळ्यांदेखत होऊ दे," अक्का म्हणाल्या. बैठकीत त्यांनी स्वतःची चूक उभं राहून सांगितली. साहेबही अडखळत का होईना, दादांना 'माफ करा' म्हणाले.

खुणा मात्र अक्कांनी काढल्या नाहीत. आता तो प्रोग्राम स्वतः किती मेमरी धरून बसलाय तेही दाखवतो, आणि तो आकडा त्यांनी पडद्यावर सगळ्यात वर ठेवलाय.