आप्पांचा हात आणि माझी गाठ

“हे ठिव तुझ्याकडं. माज्याच्यानं न्हाई व्हायचं आता.” निमोण्याच्या आप्पांनी रॉड काउंटरवर आडवा टाकला आणि स्टुलावर बसले.

दौंडला माझं फिशिंगच्या सामानाचं दुकान आहे. आप्पा रिटायर वायरमन आणि मरळ मासे धरण्यातला दर्दी माणूस. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात हळूहळू सावरत होता, पण डॉक्टरांनी व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी कपाटावर टाकून दिला. माशांचा विषय निघाला की मात्र बोटं हलायची.

म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी हौसेनं त्यांना सेट जुळवून दिला होता. रॉड वजनाला हलका पण ताठ, कारण मरळ जलपर्णीत घुसते आणि तिला ओढून काढावं लागतं. रॉड डाव्या हातात धरायचा आणि दोरा गुंडाळणाऱ्या रीलचं हँडल उजव्या हातानं फिरवायचं, म्हणजे व्यायामही होईल. त्यावर ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांचा विणलेला दोरा. तो ताणला जात नाही आणि सहसा तुटत नाही. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होतो.

“झालं काय, ते तरी सांगा.”

“मरळ लागली. चांगली दांडगी. फिरवतोय, फिरवतोय, पर ती म्होरं सरकंना. गेली जलपर्णीत आन् सुटली. हातात जीवच न्हाई राहिला.”

चहा आला. आप्पांनी कप डाव्या हातानं उचलला. उजवा मांडीवर पडून होता. मागच्या वेळी याच हातानं त्यांनी रील फिरवून पारखलं होतं. मला फार वाईट वाटलं.

मी दोऱ्याचं टोक घट्ट धरून दारापर्यंत गेलो. “आप्पा, फिरवा.”

“कशापायी उगं?”

“फिरवा तर.”

हँडल फिरलं. दोरा इंचभरही आत गेला नाही. आप्पांनी ‘बघ’ म्हणून मान हलवली. माझ्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. हातात जोर नसता तर हँडल फिरलंच नसतं. रीलचा ब्रेक सैल असता तर ते करकरलं असतं.

मी जवळ जाऊन पाहिलं. दोऱ्याची अख्खी गुंडाळीच स्पूलवर, म्हणजे रीलच्या चकरीवर, घसरत होती. ब्रेड गुळगुळीत असतो. खाली आधी साध्या नायलॉनचे वेढे देऊन त्याला ब्रेडची गाठ मारली तरच तो पकड घेतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज शिकवतो, आणि आप्पांचं रील भरताना मीच विसरलो होतो.

दोरा खराब निघाला, असं सांगून सुटता आलं असतं. पण समोर तो हात होता.

“आप्पा, हात तुमचा चांगला आहे. चूक माझी झाली.” मी सगळं समजावून सांगितलं.

आप्पांनी उजव्या हाताची बोटं मिटून उघडून पाहिली. “म्हंजी आठ दिस मी ह्याला उगाच शिव्या घातल्या व्हय?”

“हो. त्या माझ्या वाट्याच्या होत्या.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथं अंगण खरंच वाकडं होतं आणि ते मीच वाकडं केलं होतं. मी तिथंच रील नव्यानं भरून दिलं.

महिन्यानं आप्पा परत आले, तक्रार घेऊनच. “कसलं रील दिलंस? फिरवून फिरवून हँडल ढिलं झालं.” रील त्यांनी उजव्या हातानं पुढं केलं होतं.

मी स्क्रू आवळून दिला. तेव्हापासून कुणी ‘माझ्याच्यानं होत नाही’ म्हणालं, की मी आधी माझी गाठ तपासतो.