पाना भिंतीवर नव्हता

तुर्की इंजिनिअर रिकाम्या बोर्डाकडं पाहून राहिला होता, अन् आमचे मॅनेजरसाहेब तो झाकाले आडवे उभे राहिले होते.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. सौसरच्या जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढाच्या मिलमध्ये, मी हेड फिटर होतो. त्याच्या आधी लिबियात एका तुर्की कंपनीत राबून आलो होतो. तिथलाच हा इंजिनिअर एक फिटर निवडाले आला होता. परीक्षेले उभा होता रामाकोना गावचा सुधाकर, माझ्या हाताखालचा फिटर. मिल चालते सीझनपुरती. बाकी वर्षभर तो लोकाच्या वावरात मजुरी करे. त्याले हे काम पाहिजेच होतं.

कंपनीची अट होती, वस्तू कुठं आहे हे तुर्कीत सांगता आलं पाहिजे. शिकवलं मीच. सोपं आहे हो. आपण टेबलावर, पेटीत, रामाकडं असं वेगवेगळं म्हणतो. ते लोक सगळ्याले मागून 'दा' नाहीतर 'दे' लावतात. मासा म्हणजे टेबल, मासादा म्हणजे टेबलावर. माणसालेही तेच. अलीदे म्हणजे अलीकडं.

भाषेची अडचण नव्हती, आमची होती. आमच्याकडं वस्तू जागेवर नसतेच, कोणाकडं तरी असते. पाना शोधा, त समजते काल मोहगाववाला घेऊन गेला. मांगितल्यावर नाही म्हणणं वाईट दिसते ना. इज्जत जाऊ नये म्हणून मॅनेजरनं भिंतीवर बोर्ड ठोकला, एकेका पान्याची आकृती रंगवून घेतली अन् सुधाकरले बजावलं, काहीही विचारलं त 'दुवारदा' म्हण. म्हणजे भिंतीवर. साहेबांची तुर्की तेवढीच.

परीक्षेच्या दिवशी बोर्डावर नुसत्या आकृत्या होत्या.

"अनाहतार नेरेदे?" इंजिनिअरनं विचारलं. पाना कुठं आहे?

मॅनेजर बोर्डापुढूनच हनुवटीनं मागची भिंत दाखवून राहिले. सुधाकरनं साहेबाले नाराज केलं त मिल गेली, खोटं पकडलं त लिबिया.

सुधाकर म्हणाला, "अनाहतार मुदुरदे."

मुदुर म्हणजे मॅनेजर. पाना साहेबांच्या संत्र्याच्या बगीच्यात होता, पंपावर.

"काय म्हणते तो?" साहेबांनी मले विचारलं.

"तुमचं नाव घेतलं, साहेब."

साहेब असे फुलले की पाहुण्याले संत्री खाऊ घालाले आम्हा सगळ्याले जीपमध्ये बसवून बगीच्यात घेऊन गेले. पंपाजवळ पाना पडला होता. इंजिनिअरनं तो उचलला, आकृती आठवून हसला अन् सुधाकरच्या हाती दिला. मले म्हणे, आमच्या साइटवर विचारलं की सगळंच भिंतीवर असते, हाती काही लागत नाही अन् काम बंद पडते. कोणाकडं आहे हे सांगणारा माणूस मले पाहिजे.

सुधाकर लिबियाले गेला. लय बरं वाटलं मले. त्याच्या घरी राहिलेला पाना मी सायकलवर आणून बोर्डावर लटकवला.

हप्त्याभरात साहेबांचा गडी तो मांगाले आला. मी देऊन टाकला. नाही म्हणणं वाईट दिसते.