उंदराचं ऐकतात

कुठल्याही खोलीत शिरले की काका आधी पंखा बंद करायचे. नमस्कार नंतर.

"पंखा घालव, पोरी. वारा चावतोय."

मे महिना, न्हावा शेव्याजवळचं आमच्या युनियनचं पत्र्याचं ऑफिस, आत बारा माणसं. तुम्हीच कल्पना करा. आमचे सेक्रेटरी टॉवेलने मान पुसत ओरडायचे, "नाटकी हाय ह्यो! वाऱ्याला कवा दात फुटलं?"

नाटक नव्हतं. बंदरात कंटेनर बांधताना लोखंडी सळई निसटून काकांच्या उजव्या दंडावर आली होती. जखम महिन्याभरात भरली, आतली नस बिघडली ती बिघडलीच. कापड टेकलं तरी हात पेटायचा. म्हणून त्यांच्या एकाही शर्टाला उजवी बाही नव्हती. काकी त्या बाह्यांनी चुलीवरची भांडी उतरवायच्या.

त्यांना गेटवरचं हलकं काम हवं होतं. कंपनीचा डॉक्टर म्हणायचा, एक्स-रेत काही दिसत नाही, सळया उचला.

मी पत्रकं वाचून वाढलेली. लगेच एक जळजळीत पत्रक लिहायला घेतलं. त्यासाठी वाचताना कळलं, अशा दुखण्यावर नवा उपाय शोधतायत. दुखावलेल्या नसेत ज्या जनुकामुळे वेदना चालू राहते, त्याचा हुकूमच वाटेत अडवायचा. मी आवेशाने काकांना समजावलं.

"दिलं कुनाला?"

"अजून उंदरांवर चाललंय."

"उंदराला दुखतंय ह्ये कसं कळतं?"

"पायाला केसासारखा बारीक तंतू लावतात. पाय झटकला, म्हणजे दुखतंय."

काकांनी आपल्या उघड्या दंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे उंदराचं ऐकतात. त्याच्याकडं एक्स-रे न्हाय मागत."

पुढच्या तपासणीला ते खराट्यातला एक हीर खिशात घालून गेले. मी बरोबर होते. डॉक्टरपुढे हीर धरून त्यांनी डोळे मिटले.

"मना उंदीर समजा, साहेब. लावा."

डॉक्टरने हसत हसत दंडाला हीर टेकवला. हात असा उडाला की टेबलावरचा गरम चहा थेट डॉक्टरच्या मांडीवर. डॉक्टर किंचाळला.

काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. दंड पोटाशी धरून ते म्हणाले, "तुमी वरडलात, मी लगेच मानलं. एक्स-रे मागितला का?"

गेटचं काम मिळालं. माझं पत्रक छापायचं राहूनच गेलं, आणि खरं सांगते, ते त्या हिराइतकं टोकदार नव्हतंच.

त्यानंतर भेटले की पंखा बंद करून विचारायचे, "उंदीर कसं हायत?"

"बरे आहेत."

"त्यांना म्हनावं, माझा नंबर धरून ठेवा."

गेल्या वर्षी काका काविळीने गेले. औषध अजून उंदरांपाशीच आहे.

शोकसभेला ऑफिस गच्च भरलं होतं. टेबलावर एका बाहीच्या शर्टातला फोटो, डोक्यावर पंखा जोरात. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. दोन वाक्यं बोलले, फोटोकडे बघून अडखळले. मग भिंतीपाशी गेले, पंखा बंद केला, आणि टॉवेलने मान पुसत पुढे बोलू लागले.