मिरचीवरचा रोग आणि बाबांची तंबाखू

पापडीच्या आमच्या वाडीत विहिरीमागे मिरचीचे दोन वाफे असत. बी घरचंच, आजीपासून चालत आलेलं. त्या वर्षी पानांवर पिवळट चट्टे उठले, शेंडे आखडले आणि मला बोलावणं आलं. मी पिकांवरचे विषाणू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग व्हायची ही पहिलीच वेळ.

बाबांची रीत ठरलेली. तळहातावर तंबाखू मळायची, चिमूट गालात सारायची आणि त्याच बोटांनी मिरचीचे शेंडे खुडायचे, म्हणजे झाड पसरतं. मी वाफ्यातच व्याख्यान झोडलं: तंबाखूतला विषाणू पुडीत वाळूनही मरत नाही, बोटांवरून मिरचीत शिरतो. बाबांनी ऐकून घेतलं, गालातली तंबाखू थुंकली आणि पुडी चुलीत टाकली. डॉक्टरांनी दटावलं, आईने अबोला धरला, तोंडात पांढरा चट्टा उठला, तरी सुटली नव्हती ती मिरचीसाठी सुटली. आईला रागच आला.

"माझ्यापेक्षा मिरची बरी," ती म्हणाली.

मी नेलेल्या पानांच्या तपासणीचा निकाल दहा दिवसांनी लागला. तंबाखूचा विषाणू कुठेच नव्हता. होता तो काकडीवरचा. शेजारच्या काकडीच्या मांडवावरून, केळीतून, बांधावरच्या तणातून तो मावा नावाच्या बारीक किडीने आणला होता. एका झाडात तर जोडीला पांढऱ्या माशीने आणलेला, पानं आखडवणारा बोकड्या रोगही निघाला. वाडीत यांची ये-जा बारा महिने चालते, त्यात बाबांच्या बोटांचा काही संबंध नव्हता.

मी आईला फोन केला.

"त्यांना यातलं काही बोलू नकोस, बाय," ती म्हणाली. "दहा दिवस झाले, हात लावला नाही पुडीला."

मला पटलं. नोकरीत कुणी असा निकाल दडवला असता तर मी त्याला उभं केलं नसतं.

रविवारी गेले तर रोगट झाडं उपटून जाळलेली होती. दोनच धड राहिली होती, मिरच्यांनी लगडलेली. बाबा हात पाठीमागे धरून वाफ्यापासून लांब उभे होते.

"माझ्याच हातांनी गेली ना गं?"

"हो," मी म्हणाले. मला स्वतःची लाज वाटली.

त्यांनी मान हलवली आणि आईला हाक मारली. "तू खूड. बीसुद्धा यापुढे तूच धर. माझे हात नकोत आता."