घासलेलं तळं

'कोई' जातीचे रंगीत मासे पाळणाऱ्या नवख्याने तळं कधीही लख्ख घासू नये. हे मला दुकानदाराने सांगितलं, पण घासून झाल्यावर. दिवाळीच्या आवेशात मी अंगणातल्या तळ्याचं सगळं पाणी उपसलं, भिंतींवरचं शेवाळ काथ्याने खरवडलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं.

बायको म्हणाली, "अहो, घरातली मोरी कधी एवढी घासली नाहीत."

दोन दिवसांत तिन्ही मासे मरून पाण्यावर आले. पाणी मात्र इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसत होता. माशांना जगवणारं जे काही असतं, ते म्हणे त्या शेवाळातच असतं. पाणीही थोडं थोडंच बदलायचं असतं.

वडील गेल्यावर आईला त्रास नको म्हणून मी त्यांची खोलीही अशीच एका रविवारी आवरली होती. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, तपकिरीची डबी, उशीचा अभ्रा, सगळं काढून टाकलं आणि भिंतींना नवा रंग दिला. आई त्या खोलीत पुन्हा गेली नाही.

आज मी माशांसाठी खड्डा खणत होतो, तेव्हा आई काठी टेकत तळ्यापाशी आली.

"थोडं जुनं ठेवायचं होतंस रे," म्हणाली.

ती कशाबद्दल बोलतेय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.