डाव्या हाताची लेस

दिवाळीनंतर बायकोला लकवा मारला आणि डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला. हात काही येईना. कुणाचं तरी सामान सांभाळायला घ्यावं तसा ती तो मांडीवर ठेवून बसायची.

होळीच्या सुमारास लेकीला चौथा महिना लागला. सातव्यात ओटी भरायची. आमच्याकडे आई ओटी भरते आणि तीही दोन्ही हातांच्या ओंजळीनं. एका हातानं भरलेली धरत नाहीत. "मी नाही भरली त कोन भरन?" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर घरात त्या हाताशिवाय दुसरा विषय राहिला नाही.

जळगाव जामोदला व्यायाम घेणारी मुलगी होती, तिच्याकडे आम्ही पंधरा दिवसांनी बसनं जायचो. ती म्हणाली, "काका, व्यायाम त होईनच, पन डाव्या हाताले रोज काही काम द्या. आवडीचं." बायको पूर्वी क्रोशाचे रुमाल विणायची, पण आता सुई धरवेना. तेव्हा लेकीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा परदेशी बाईनं उशीवर टाचण्या रोवल्या होत्या. दोरा गुंडाळलेल्या लाकडी काड्या ती नुसत्या इकडून तिकडे टाकत होती आणि खाली लेस तयार होत होती. बॉबिन लेस म्हणतात म्हणे. काडी घट्ट धरावी लागत नाही, उचलून ठेवली की झालं.

आधी मी शिकायचं आणि मग तिला शिकवायचं, असं ठरलं. मी जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर बसतो. होळीनंतर हंगाम संपला की मी आणि काटा दोघंही रिकामे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, सोळा काड्या तासल्या. उशीही जन्मभर ज्यात वावरलो त्या कापसानंच भरली. टाचणी रोवली की ती दारू प्यायल्यासारखी कलायची.

"कापसाच्या मानसाले कापसाबिगर काही सुचत नाही," बायको म्हणाली. "कुटार भरा. कुटून कुटून भरा."

तुरीचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. तो ठासून भरला आणि टाचण्या उभ्या राहिल्या.

एका वेळी चार काड्या हातात घ्यायच्या. मधल्या दोन एकमेकींवरून टाकायच्या, मग दोन्ही जोड्यांना एकेक पीळ द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी जे विणलं ते पाहून शेजारचे भाऊ म्हणाले, "काय बे, मासे पकडाले चालला काय?"

मग ती बसली. उजवा हात चटकन शिकला. डावा हात काडीला लागायचा, काडी घरंगळायची, दोरा सुटायचा. तिचा चेहरा पडला की मला बघवायचं नाही. म्हणून मी तिच्या डावीकडे बसून त्या बाजूच्या काड्या टाकू लागलो. फक्त अडेल तिथे, असं मनाशी म्हणत होतो.

"आता ओढा. इतकं नाही. तुमी काय बैल बांधून राह्यले?" ती म्हणायची.

महिन्याभरात आमचा हात असा बसला की बोलावंही लागेना. वीतभर पट्टी झाली. बारीक जाळी, कडेला कंगोरे. मी ती उशीवरून काढून, काड्यांसकट अभिमानानं पिशवीत घालून जळगावला नेली.

त्या मुलीनं पट्टी उलटसुलट पाहिली. "काकू, दोन्ही हातानं केली?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "दोघांनी केली."

"मंग डावा हात काय करत होता, काका?"

तिनं बायकोची बोटं उघडून पाहिली. ती आधीपेक्षा जास्त आखडली होती. मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले मालूम होतं. पन तुमी इतके खुश दिसून राह्यले होते."

घरी आल्यावर पट्टी पुन्हा उशीवर टाचली. त्यानंतर मी हात मांडीखाली दाबून बसायचो. ती डाव्या करंगळीनं एकच काडी ढकलायची. दुपार जायची आणि काडी बोटभर सरकायची. लेस पुढे गेलीच नाही.

ओटीच्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसून तांदळाच्या ताटाकडे दोन्ही हात नेले. उजव्या हातात तांदूळ आले. डावा हात ताटाच्या कडेवर पडून राहिला. मी उठायला लागलो तर तिनं डोळ्यांनीच बसवलं. मग जाऊबाईंना म्हणाली, "तुमी भरा, बाई." बायका गाणं म्हणायचं विसरल्या, मग एकदम मोठ्यानं म्हणू लागल्या.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, ती लेस दे नं. बाळाच्या टोपड्याले लावतो."

"तुह्या बाबाले माग," बायको म्हणाली. "त्याईनंच केली."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. पट्टी अजून उशीवरच टाचलेली होती. मी एकेक टाचणी काढायला लागलो. बायकोनं भिंतीकडे तोंड केलं आणि उजव्या हातानं डाव्यावर पदर ओढून घेतला.